नळीचं दुसरं टोक

मुदत संपलेल्या सलाईनच्या नळ्या नष्ट करायच्या असतात आणि तशी नोंद औषध निर्मात्यानं ठेवायची असते. कळमनुरीहून नांदेडकडे जाताना थोडं आत वळलं की आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र लागतं. तिथं पंधरा वर्षं मी औषध निर्माता होतो. त्या पंधरा वर्षांत मी बऱ्याच नळ्या कागदावर नष्ट केल्या आणि प्रत्यक्षात खिल्लारे सिस्टरांच्या पिशवीत टाकल्या. आता माझी वसमतला बदली झाली आहे आणि सिस्टर निवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे हे सांगायला हरकत नाही.

सिस्टर त्या नळ्यांनी जमिनीचा उतार पाहायच्या. आठ-दहा नळ्या एकमेकींत खोचून लांब करायच्या, आत पाणी भरायचं, आणि पाणी लांबून दिसावं म्हणून जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचे चार थेंब टाकायचे. तेही औषध माझ्याच खोलीतलं. प्लॉटच्या दोन टोकांना सारख्या उंचीच्या दोन काठ्या, प्रत्येक काठीशी नळीचं एक तोंड धरून एकेक माणूस. ज्या काठीवर पाणी जास्त वर दिसेल, तिथली जमीन खाली. गवंडी हे रोज करतात, पण नर्सबाईला करताना मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. नळी हलली की आतलं पाणी बराच वेळ वरखाली होत राहतं. तोवर सिस्टर एका टोकावरून ओरडून विचारत राहायच्या, "पाणी थांबलं का?" थांबल्याशिवाय त्या काठीवर खूण करू द्यायच्या नाहीत.

या कामाची अडचण एकच होती. त्याला दोन माणसं लागतात. सिस्टरांचे यजमान मुलगा लहान असतानाच वारले होते. म्हणून दुसरं टोक धरायला जो हाताशी सापडेल तो जायचा. मी चार-पाच वेळा गेलो असेन. बाकी सगळ्या वेळा सुभाष राठोड गेला. राठोड आमच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, जवळच्याच तांड्यावरचा. माणूस शांत, नळी हलू न देणारा. सिस्टर म्हणायच्या, "काळेभाऊ, तुमच्या हातात पाणी थांबतच न्हाई. राठोडच्या हातात बराबर थांबते." काळेभाऊ म्हणजे मी.

सिस्टर ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला, आणि चाल अशी की मागून येणारा माणूस धापा टाकायचा. त्यांचं इंजेक्शन दुखत नाही अशी ख्याती होती. त्यामागची युक्ती मला ठाऊक आहे. सुई टोचायच्या क्षणी त्या विचारायच्या, "जागा घेतली का न्हाई कुठं?" माणूस दचकायचा, विचारात पडायचा, तोवर सुई बाहेर. नव्यानं नोकरीला लागलेला शिक्षक असो, ग्रामसेवक असो, की परीक्षा देत बसलेलं पोरगं असो, प्रश्न तोच. कुणी म्हणालं, पैसे कुठायत, तर म्हणायच्या, "पैसे आल्यावर जागा शोधायची न्हाई. आधी पाहायला शिकायचं."

पाहण्याचे त्यांचे नियम ठरलेले होते. जागा तीनदा पाहायची. एकदा भर पावसात, पाणी कुठं साचतं ते कळायला. एकदा मे महिन्यात, आणि तेव्हा जागेकडे न पाहता शेजारच्या बायांना विचारायचं की पाणी किती दिवसांआड येतं. आणि एकदा बाजाराच्या दिवशी, माणसांचा राबता कुठून आहे ते पाहायला. मग कागद. कागदात सगळ्यात आधी चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना काय आहे ते. ती तोंडपाठ म्हणता आली पाहिजे आणि म्हणताना हात त्या त्या दिशेला गेला पाहिजे. पहिलं बांधकाम स्वतः राहायला नाही, भाड्यानं द्यायला करायचं. "भाडं येऊन राहिलं म्हंजे जागा काम करून राहिली. भाव वाढल म्हणून नुसती धरून बसला, तर तो जमिनीवरचा सट्टा झाला."

हे सगळं त्या पुस्तकात वाचून बोलत नव्हत्या. कळमनुरीत त्यांचा एक लहानसा प्लॉट होता आणि त्यावर दोन खोल्या. खोल्यांत एस.टी.चे दोन वाहक भाड्यानं राहायचे. सिस्टर स्वतः केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायच्या, निवृत्तीच्या दिवशी ते रिकामं करावं लागतं. त्यांचा बेत साधा होता. निवृत्त झालं की एका खोलीत आपण राहायचं, दुसरीच्या भाड्यावर आणि पेन्शनवर भागवायचं. आयुष्याची एवढीच एक कमाई होती, आणि ती कशी मिळाली ते केंद्रात सगळ्यांना पाठ होतं, कारण त्या सांगायच्याच.

मी रुजू झालो त्याच वर्षीची गोष्ट. जागा एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती. नळी लागली, दुसरं टोक राठोडनं धरलं, तीन फेऱ्या झाल्या आणि सिस्टरांनी इसार दिला. सौदा ठरला की खरेदीखताच्या आधी मालकाच्या हातात जी रक्कम ठेवतात, तो इसार. आमच्याकडे ती नारळावर ठेवून देतात आणि मग पेढे वाटतात. तीन आठवड्यांनी रस्ता रुंद होणार अशी आवई उठली, दुसरं गिऱ्हाईक जास्त पैसे घेऊन आलं आणि मुख्याध्यापकांनी इसाराचे पैसे एका पोराच्या हाती परत पाठवले. सिस्टरांनी ते घेतले नाहीत. संध्याकाळी ड्यूटी संपवून त्या मुख्याध्यापकांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. भांडल्या नाहीत. मुख्याध्यापकांच्या पत्नीचं ब्लडप्रेशर तपासलं, नातवाचे डोस राहिलेत का ते पाहिलं, अंधार पडायला उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकच बाहेर आले आणि म्हणाले, "चला बाई, रजिस्ट्री करून टाकू. घरात मला कोनी वाढून न्हाई राहिलं."

"इसार घेतला म्हंजे बोलणं संपलं," सिस्टर ही गोष्ट याच वाक्यावर संपवायच्या. "पुढं निस्तं लिहिणं ऱ्हाते."

त्यांच्या या नादाचा आम्हाला फायदाही झाला. एकदा पांढऱ्या गाडीतून दोन तरुण आले. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकाठी प्लॉट पाडलेत म्हणाले. चकचकीत कागदावर निळं पाणी, हिरवं गवत, छत्रीखाली बसलेलं गोरं जोडपं. आमचे डॉक्टर तर जवळजवळ चेक फाडायला बसले होते. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, रविवारी मी अन् राठोड जाऊन येतो." संध्याकाळी परत आल्या तेव्हा पिशवीत मासे होते. नळी काढायची वेळच आली नव्हती. काठावर जाळं वाळवत बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं होतं, बाबा, या प्लॉटात काय पिकतं? तो म्हणाला होता, "पाणी उतरलं तर हरभरा, न्हाई उतरलं तर मासे." डॉक्टरांनी मासे खाल्ले आणि चेकबुक आत ठेवलं.

मी मात्र त्यांचं कधी ऐकलं नाही. मला कंटाळा यायचा. जागा तीनदा पाहायची, नऊ वर्षं हप्ते भरायचे, मग दोन खोल्या, मग भाडं. त्याच काळात वसमतच्या बाजारात हळदीचे भाव असे उसळले की ज्यानं हळदीचं रोप कधी पाहिलं नाही तोही हळदीबद्दल बोलायला लागला. वायद्यात हळद मोबाईलवरच घेता येते, मोबाईलवरच विकता येते, गोदाम लागत नाही, पोतं लागत नाही. औषधाच्या खिडकीत बसून गोळ्यांचं एक पाकीट देऊन दुसरं देईपर्यंत मी हळद घ्यायचो आणि विकायचो. पहिल्या दोन महिन्यांत पैसे सुटले. हात दाखवून अवलक्षण कसं होतं ते पुढं कळलं, पण तोवर मी स्वतःला फार हुशार समजत होतो, आणि हुशार माणसाला शिष्य लागतो.

सिस्टरांचा मुलगा प्रशांत तेव्हा वसमतला एका हळद व्यापाऱ्याकडे कामाला होता. पोरगं चुणचुणीत. आईच्या नळीची त्याला लाज वाटायची. शाळेत असताना एकदाच त्यानं दुसरं टोक धरलं होतं. वाटेवरची पोरं हसली, तो नळी टाकून पळाला आणि जांभळं पाणी सिस्टरांच्या पांढऱ्या साडीवर उडालं. तो डाग कधी गेला नाही. त्या प्रशांतला मोबाईलवर वायदा कसा करतात ते मी दाखवलं. याच खिडकीत उभं करून दाखवलं. बाकीचं सगळं अलिप्तपणे सांगता येतं, एवढं येत नाही.

प्रशांतनं आईच्या मागे लकडा लावला. कळमनुरीच्या दोन खोल्या विकू, पैसे हळदीत घालू, सहा महिन्यांत दुप्पट करून नांदेडला फ्लॅट घेऊ. सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी मला हळद दाखव." रजा टाकून त्या एस.टी.नं वसमतला गेल्या. बाजारात ढिगांमागून ढीग पाहिले, हळकुंड मोडून पाहिलं, वास घेतला. तो सगळा प्रसंग मला पुढं प्रशांतनंच सांगितला.

"यातली आपली कोणती?" त्यांनी विचारलं.

"आपली इथं नसती, माय. आपली यात असती." त्यानं मोबाईल दाखवला.

सिस्टरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. हिरवे-लाल आकडे हलत होते. "हिची चतुःसीमा सांग."

"हिला चतुःसीमा नसती."

"मग शेजारी कोण हाय आपल्या?"

"कोनीच न्हाई."

"अन् हे पाणी थांबते कवा?" त्यांनी आकड्यांकडे बोट दाखवलं. "पाच वाजता बाजार बंद झाला की," तो म्हणाला. "अन् उद्या?" त्यांनी विचारलं. सिस्टरांनी अर्धा किलो ओली हळद लोणच्याला घेतली आणि पाचच्या गाडीनं परत आल्या. आम्ही हे ऐकून खूप हसलो. प्रशांतही हसत होता, पण त्याचं हसणं बरं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, दुपारच्या ओपीडीला, राठोड पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी खिडकीत होतो, सिस्टर समोरच्या टेबलावर लसीकरणाचं रजिस्टर भरत होत्या. त्यानं पुडा आधी त्यांच्यासमोर धरला.

"बाई, तोंड गोड करा."

"काय झालं? पोरगी पास झाली का?"

"मला काहून इचारता? तुमच्याच जागेचे पेढे हायत." राठोड लाजून हसला. "प्रशांतनं सांगितलं, आईला तुज्यासंगं पैशाचं बोलायचा संकोच वाटते, म्हणून मी आलो. मला बी बराबर वाटलं ते. तुमच्यासंगं भाव करायचा म्हंजे... इसार दिला मागल्या आठवड्यात. नारळावर ठेवूनच दिला."

मी गोळ्या मोजत होतो, ते मोजणं थांबलं. सिस्टरांचं पेन रजिस्टरवर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे मला दिसलं. राठोडला दिसलं नाही, तो बोलत राहिला. दोन्ही लेकरांची नावं कळमनुरीच्या शाळेत घातली, तांड्यावरून रोजचं येणं-जाणं बंद होईल, बाकीच्या पैशाला पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं.

"इसाराला पैसे कुठून आणले?" सिस्टरांनी विचारलं.

"याडीची चांदी मोडली." याडी म्हणजे त्याची आई. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावरची ती जुनी, जड चांदी मी लसीकरणाला गेलो की पाहायचो. "तीच बोल्ली, मोड. लग्नापासून वागवली, आता जड होऊन राहिली म्हणे."

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "जागा तीनदा पाहिली का?"

"पंधरा वर्षं पाहून राहिलो, बाई. पयल्या दिवशी नळी मीच धरली होती की."

सिस्टरांनी पुड्यातला पेढा उचलला आणि खाल्ला.

संध्याकाळी त्यांनी प्रशांतला बोलावून घेतलं आणि मलाही क्वार्टरवर यायला सांगितलं. मला का, ते मी विचारलं नाही. प्रशांत उभाच होता. इसाराचे पैसे त्यानं त्याच दिवशी वायद्यात घातले होते आणि चार दिवसांत भाव पडून ते संपले होते. सौदा ठरवताना घाई इतकी की भावही तीन वर्षांपूर्वीचा लावला होता.

"माय, तू काहून घाबरती?" तो म्हणाला. "कागद तुझ्या नावावर हाय. तुझी सही न्हाई कुठं. कायद्यानं तो सौदाच न्हाई. इसार तेवढा परत करून टाकू, हप्त्यानं."

"पैसे मी उद्या परत करीन. चांदी कुठून आणू?"

त्यानं मोबाईल खिशात ठेवला.

"अन् त्यानं इसार कोनाला दिला? परक्याला न्हाई दिला. माझ्या लेकाला दिला, माझं तोंड पाहून दिला. ती जागा मला कशी भेटली ठाऊक हाय ना तुला? लोकाच्या ओट्यावर तीन दिवस बसून भेटली. तवा मी काय बोलत होते, अन् आता माझ्या ओट्यावर राठोड येऊन बसल तर काय बोलू?"

मी मधेच म्हणालो, "सिस्टर, ते मोबाईलवरचं त्याला मीच शिकवलं."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलावलं. साक्षीदार म्हणून सही करायला दोन माणसं लागतात."

महिन्याभरात रजिस्ट्री झाली. राठोडनं ठरलेल्या भावाचे पैसे दिले, सिस्टरांनी जागा दिली. कार्यालयात दस्त वाचून दाखवताना लेखनिक चतुःसीमेपाशी अडखळला, तर सिस्टरांनी ती न पाहता म्हणून दाखवली. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शाळेची भिंत, दक्षिणेस नाली, उत्तरेस शिंप्याचं घर. म्हणताना सवयीनं हात त्या त्या दिशेला जात होता. मी सही केली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून उपयोग नव्हता.

राठोडला खरी गोष्ट कळायला चार-सहा महिने लागले. कोणी सांगितली, ठाऊक नाही. तोवर सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, क्वार्टर सोडलं होतं, आणि कळमनुरीतल्या त्याच दोनपैकी एका खोलीत भाड्यानं राहायला गेल्या होत्या. दुसऱ्या खोलीत राठोड, त्याची बायको, दोन लेकरं आणि याडी. खरं कळल्यावर राठोड हातात कागद घेऊन त्यांच्या दारात रडत उभा राहिला. मी त्या दिवशी योगायोगानं तिथं होतो. तो म्हणाला, "बाई, जागा परत घ्या, मला न्हाई पाहिजे." सिस्टर भाजी निवडत होत्या.

"बोलणं कवाच संपलं, राठोड. आता तू मालक हायस. नळाची तोटी गळून राहिली, ती बदल."

त्यानं तोटी बदलली. भाडं घ्यायला तो तयार नव्हता. सिस्टर दर महिन्याच्या एक तारखेला ते याडीच्या हातात नेऊन ठेवायच्या. मला म्हणाल्या, "भाडं न्हाई घेतलं तर कर्जाचा हप्ता कसा फिटल? जागेनं काम नको का करायला?"

पुढं मी वसमतला आलो. वायदा सोडला. मोठा निश्चय वगैरे करून नाही, पैसेच उरले नव्हते. सिस्टरांनी कळमनुरीच्या बऱ्याच बाहेर, जिथं अजून दिवे पोचलेले नाहीत अशा बाजूला, एखादा तुकडा पाहायला सुरुवात केली आहे असं राठोडकडून फोनवर कळलं. जागेचे आलेले पैसे त्यांनी बँकेत ठेवले होते आणि तीन फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय त्यांना हात लावणार नव्हत्या. साठीच्या पलीकडच्या बाईनं पुन्हा पहिल्यापासून. मी हिशेब करून पाहिला होता, खोल्या उभ्या राहून भाडं सुरू व्हायला त्यांचं वय किती होईल. तो हिशेब मी त्यांना सांगितला नाही.

गेल्या पोळ्याच्या आधी मी एस.टी.नं कळमनुरीला चाललो होतो. पाऊस होता. गावाच्या अलीकडे पुलाचं काम चालू असल्यानं गाडी थांबली. खिडकीची काच पुसली तर शेताच्या कडेला एक रिकामा प्लॉट होता, नुसते दगड रोवलेले, अर्ध्या भागात पाणी साचलेलं. एका टोकाला सिस्टर. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, साडी खोचलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नळीचं तोंड. जांभळी रेघ चिखलावरून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. मला वाटलं राठोड असेल.

राठोड नव्हता. प्रशांत होता. घोटाभर पाण्यात उभा, भिजलेला. रस्त्यावर थांबलेल्या गाडीतून आम्ही चाळीस माणसं त्याच्याकडे पाहत होतो, दोघं-तिघं हसतही होती, आणि ते त्याला दिसत होतं. मोबाईल त्याच्या शर्टाच्या खिशात वाजत असावा, कारण खिशात उजेड दिसत होता. पण काठी आणि नळी धरायला दोन्ही हात लागतात.

सिस्टरांनी तोंड वर करून काहीतरी ओरडून विचारलं. पावसात मला ऐकू आलं नाही, ऐकायची गरजही नव्हती. प्रशांतनं नळीच्या तोंडाशी डोळा नेला, नीट पाहिलं, आणि नकारार्थी मान हलवली. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. गाडी सुटली तेव्हा दोघंही आपापलं टोक धरून पाणी थांबायची वाट पाहत होते.